तात्यांच्या टेबलाखालच्या वाट्या

सांगतो हो, सांगतो. आधी चहा येऊ दे. कोरड्या घशाने स्वतःची फजिती सांगता येत नाही. आणि हसायचं असेल तर तोंडावर हसा. मी गेल्यावर मागे हसलात तर मला कळतं.

माझा चेहरा मुळातच सुतकी. लग्नाच्या फोटोतसुद्धा मी कुणाच्या तरी दहाव्याला बसल्यासारखा दिसतो. त्यात नोकरी डासांच्या खात्यात. कागदावर हुद्द्याचं नाव लांबलचक आहे, पण डहाणूपासून तलासरीपर्यंत माझ्याबद्दल कुणालाही विचारा, ‘डासवाले राऊत’ म्हणूनच सांगतील. लोकांच्या घरात शिरायचं, पिंपात, माठात, फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये टॉर्च मारायचा, अळ्या दिसल्या की पाणी ओतायला लावायचं आणि वर भाषण द्यायचं. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करा, घासा, सुकवा! हे भाषण मी झोपेतसुद्धा देतो, असं सुनंदा म्हणायची.

सुनंदा म्हणजे माझी बायको. कोसबाडला शाळेत शिकवायची. सतरा सालच्या उन्हाळ्यात गेली. साधी कावीळ म्हणून दवाखान्यात नेली आणि परत आणलीच नाही. त्याबद्दल जास्त बोलत नाही, नाहीतर किस्सा राहील बाजूला.

तर मागे काय राहिलं? मसोलीतलं दोन खोल्यांचं घर. पुण्याला नोकरी करणारी मुलगी मीनल. आणि एक बेडूक.

हो, बेडूक! हसलात? मी म्हटलंच होतं.

तोही धड नाही, तीन पायांचा. चौथा पाय शेजारच्या जसुबेनच्या मांजरीने नेला. सुनंदाने मांजरीच्या तोंडातून त्याला ओढून काढला, हळद लावायला निघालेल्या जसुबेनला थांबवलं, स्वच्छ पाण्यात ठेवून ठेवून त्याला जगवला. लंगडा झाल्यावर बाहेर सोडायची सोय राहिली नाही, मांजर टपलेलीच. मग माळ्यावरची माशांची जुनी काचेची पेटी खाली आली. तळाला नारळाचा भुसा, वर वाळकी पानं, लपायला फुटक्या कौलाचा तुकडा, डुंबायला बशी, वरून जाळी. सुनंदाच्या मामांना तात्या म्हणायचे. ते जेवण झाल्यावर पोटावर हात ठेवून अर्धवट डोळे मिटून बसायचे, तस्साच हा बसायचा. म्हणून ह्याचं नाव तात्या.

ती असताना मी त्या पेटीकडे कधी ढुंकून पाहिलं नाही. मी आयुष्यभर किडे मारणारा माणूस आणि ही बाई बेडकासाठी झुरळं पकडून आणणार! आमच्या घरात झुरळाला माझी भीती नव्हती, तिची होती.

पण दवाखान्यात, शेवटी शेवटी, ती दुसरं काही बोलेना. मीनलचं लग्न नाही, पीएफ नाही, काही नाही. तात्या!

‘‘अहो, नीट ऐका,’’ ती म्हणायची. ‘‘त्याची कातडी म्हणजेच त्याचं तोंड. पाणीसुद्धा तो कातडीनेच पितो. अंगाला जे लागेल ते पोटात गेलं समजा. मुंग्या येवोत, चिलटं येवोत, औषध नाही म्हणजे नाही. मुंग्यांचा खडू नाही, फवारा नाही. आणि तुम्ही ड्युटीवरून आलात की आंघोळ केल्याशिवाय पेटीला हात लावायचा नाही.’’

‘‘बरं.’’

‘‘बरं काय? सांभाळाल ना?’’

‘‘सांभाळतो गं.’’

तेवढं एकच वचन तिने माझ्याकडून घेतलं. लग्नात सात पावलं चाललो तेव्हा भटजींनी काय वदवून घेतलं ते मला एक अक्षर आठवत नाही, पण हे आठवतं. तेराव्याला पाहुणे गेले, मीनल पुण्याला गेली, आणि घरात श्वास घेणारे दोघंच उरले. मी आणि तात्या. तो मेला असता तर तिचं म्हणून जिवंत असं त्या घरात काही राहिलं नसतं. मला तर ती कल्पनासुद्धा सहन होत नव्हती.

मग काय, लागलो कामाला! संध्याकाळी दिव्याखाली रातकिडे पकडायचे, पेटीत सोडायचे. तात्यांनी खाल्ले नाहीत तर उरलेले चिमट्याने उचलून काढायचे, कारण मेलेल्या किड्याच्या वासाने मुंग्या येतात, आणि लाल मुंग्या लंगड्या बेडकाला झोपेत चावून खातील. पानं बदलायची झाली तर आधी उकळत्या पाण्यातून काढायची. भुशात बारीक माश्या झाल्या की सगळा भुसा फेकायचा आणि नवा तव्यावर भाजून, गार करून घालायचा. तव्यावर भुसा भाजताना जसुबेनने खिडकीतून पाहिलं.

‘‘राऊतभाई, आ शुं करता?’’ तिने विचारलं. ‘‘जेवायचं नसेल होत तर सांगा ने! मी दोन रोटली जास्त करते. असं भुसा नका खाऊ!’’

‘‘तात्यांसाठी आहे,’’ मी म्हटलं.

‘‘हां हां,’’ ती म्हणाली, आणि तिने डोळे पुसले. गल्लीत बातमी गेली की राऊत बेडकाला भुसा भाजून घालतो आणि त्याला पेपर वाचून दाखवतो. भुशाचं अर्धं खरं होतं. पेपरचं पूर्ण खरं होतं. रोज सकाळी पेटीशेजारी खुर्ची टाकून मी मोठ्याने पेपर वाचायचो. त्या शांत घरात कुणाचा तरी आवाज हवा ना? मग माझाच.

आणि मुंग्या बाहेरून चढू नयेत म्हणून सुनंदाची जुनी व्यवस्था होतीच. फडताळाच्या पायाखाली ठेवतात तशा पेटीखालच्या टेबलाच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या. ती मी मनोभावे चालू ठेवली. पाणी आटलं की वरून भर. पेटीवर टाकलेली चादर टेबलाखाली पार जमिनीपर्यंत सोडलेली, तात्यांना उजेड सोसत नाही म्हणून. माझे गुडघे वाकत नाहीत, म्हणून चादरीच्या आत झारीची लांब नळी सरकवायची आणि अंदाजाने पाणी ओतायचं. एक दिवस चुकलो नाही!

आता तुम्ही म्हणाल, ह्यात फजिती कुठली? थांबा, चहा गार होतोय तुमचा.

पाऊस सरला आणि डहाणूत ताप सुरू झाला. दरवर्षी होतो. मग आमची धुराची फेरी निघते. आमचा दशरथ, रानशेतचा, खांद्यावर मशीन घेऊन गल्लीगल्लीतून धूर सोडत जातो. कुठल्या गल्लीत कधी जायचं ते मी ठरवायचो. त्या दिवशी मी ठरवता ठरवता माझ्याच गल्लीशी आलो आणि माझा हात थांबला. तो धूर खिडकीतून आत येणार. दारं बंद केली तरी कौलातून येणार. आणि तात्यांची कातडी म्हणजे तोंड!

मी आमची गल्ली गाळली.

‘‘साहेब, तुमची गल्ली राहिली,’’ दशरथ म्हणाला.

‘‘आमच्या गल्लीत डास नाहीत.’’

‘‘नाहीत? मसोलीत डास नाहीत?’’

‘‘मी स्वतः तपासलंय. तू चल पुढे.’’

बेडकासाठी गाळली असं सांगितलं असतं तर काय झालं असतं? हसले असते. एवढंच. पण बायको गेलेल्या माणसाला लोक हसत नाहीत, कीव करतात, आणि ती मला नको होती. म्हणून मी खोटं बोललो. दशरथ भाबडा. तो टपरीवर चहा पिताना सांगून मोकळा झाला की राऊतसाहेबांच्या गल्लीत एकही डास नाही, साहेबांनी तपासलंय.

झालं! संध्याकाळी जसुबेन दारात. ‘‘राऊतभाई, साऱ्या गावात धूर केला, आपल्याकडे केम नाय?’’

‘‘गरजच नाही. आपली गल्ली स्वच्छ आहे.’’

‘‘खरंच?’’

‘‘म्हणजे... ठेवायची आहे.’’

आता खोटं बोललोय म्हटल्यावर ते खरं करायला नको? उद्या गल्लीत कुणाचं पोर तापाने फणफणलं तर ते पाप माझ्या माथी. मी रविवारी टॉर्च घेऊन निघालो. घर नाही सोडलं एकही. गल्लीत राहणाऱ्या रेल्वेच्या टीसींच्या फ्रिजचा ट्रे, मास्तरांच्या गच्चीवरचे टायर, सगळ्यांची पिंपं. जसुबेनकडे तर तुळशीखालच्या बशीत अळ्या सापडल्या. मी ती बशी तिच्या नाकासमोर धरली.

‘‘दिसतंय का? हलतंय बघा! ही तुम्ही पाळलेली जनावरं. देवाच्या नावाखाली डास पाळता? लाज नाही वाटत?’’

बिचारी रडवेली झाली. भरल्या गल्लीत बोललो मी तिला. आणि लोक काय म्हणाले माहितीये? ‘‘जाऊ द्या, बायको गेल्यापासून कामात जीव रमवतो बिचारा.’’ कीव नको म्हणून खोटं बोललो आणि कीवच मिळाली, ती पण ढीगभर! पण त्या कीवेपोटी सगळ्यांनी माझं ऐकलं. दर रविवारी मी निघायच्या आत लोक बादल्या पालथ्या घालून दारात उभे राहायचे.

आणि कमाल बघा. आजूबाजूच्या गल्ल्यांत ताप, आमच्या गल्लीत कुणाला साधी शिंकसुद्धा नाही. मला मात्र घरी पेपर वाचताना घोट्यांना सारखी खाज यायची. मी म्हटलं, दुःखाने रक्त बिघडलं असेल.

ही गोष्ट आमच्या नगरसेवकांच्या कानावर गेली. ते घरी आले, जोडीला दशरथ. ‘‘राऊतसाहेब, धूर न करता डासमुक्त गल्ली! तुमचा सत्कार करायचा. गल्लीच्या तोंडाशी बोर्ड लावायचा.’’

मी आधी हात जोडले. म्हटलं, ‘‘नको हो. सुनंदाचं वर्ष व्हायचंय अजून. वर्षभर मी कुठल्या समारंभाला जात नाही, हारतुरे घेत नाही.’’

वाटलं, ह्यावर कुणी काही बोलूच शकणार नाही. सुतकी तोंडाचा आयुष्यात प्रथमच उपयोग झाला असं वाटलं.

नगरसेवक गंभीर झाले. ‘‘बरोबर आहे. तुम्ही येऊ नका. आम्हीच येतो! घरच्या घरी. हार नाही, बँड नाही. फक्त शाल, श्रीफळ आणि दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम.’’

आता ह्याला काय म्हणायचं?

सत्काराच्या दिवशी सकाळपासूनच माझं अंग ठणकत होतं. डोळ्यांच्या मागे दुखत होतं. मनाची टोचणी म्हणून सोडून दिलं. गल्ली सगळी माझ्या बाहेरच्या खोलीत कोंबली होती. सुनंदाच्या फोटोसमोर उदबत्ती, खाली खुर्चीवर मी, शेजारी चादरीच्या टेबलावर तात्या. नगरसेवकांनी भाषण केलं. असा माणूस, म्हणाले, जो स्वतःचं दुःख गिळून दुसऱ्यांच्या आरोग्यासाठी झटतो. मी खाली मान घातली. लोकांना वाटलं विनय. मला चक्कर येत होती.

मॅडमनी शाल पांघरली. मला इतकं बरं वाटलं! ऑक्टोबरच्या त्या उकाड्यात मी ती शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली. मॅडमनी श्रीफळ हातात दिलं, त्यांचा हात माझ्या हाताला लागला आणि त्या थांबल्या.

‘‘राऊत, तुम्हाला ताप आहे.’’

‘‘नाही मॅडम. भावना आहेत.’’

‘‘भावना नाही हो, चटका बसला मला! डोळे दुखतात? सांधे?’’

डासमुक्त गल्लीच्या सत्कारमूर्तीला ताप! मॅडम विचारात पडल्या. ‘‘ड्युटीवर चावला असेल कुठे तरी...’’ त्या म्हणाल्या.

मी मान डोलावणार होतो. खरंच सांगतो, डोलावणारच होतो. पण जसुबेन पुढे सरकली. मी तिला सगळ्यात जास्त बोललो होतो, त्यामुळे माझं भाषण तिला सगळ्यात जास्त पाठ.

‘‘ताप आला तर आधी घरातलं पाणी बघायचं,’’ ती म्हणाली. ‘‘राऊतभाईच सांगतात ने!’’

बादली पाहिली, कोरडी. माठ पाहिला, स्वच्छ. मग ती खाली बसली आणि तिने टेबलाची चादर उचलली. दशरथने टेबलाचा एक पाय अलगद वर धरला आणि जसुबेनने त्याखालची वाटी बाहेर काढली. माझा टॉर्च भिंतीला लटकलेला होता, तो घेऊन तिने वाटीत मारला.

वाटीत वळवळ वळवळ चालली होती. चार वाट्या, चारी भरलेल्या! महिनोन्महिने वरून पाणी भरत होतो, ओतलं एकदाही नव्हतं. सावली, शांतता, शिळं पाणी आणि रोज सकाळी शेजारी उघडे पाय टाकून बसलेला माणूस. डासांना ह्याहून जास्त काय लागतं? सबंध गल्ली मी त्यांना बंद करून टाकली होती, मग सगळे माझ्याकडेच वस्तीला!

जसुबेनने वाटी माझ्या नाकासमोर धरली. मला वाटलं, आता बोलणार. बोलायला हवं होतं तिने! पण तिने माझ्याकडे पाहिलं, शालीत कुडकुडणाऱ्या माझ्या अवताराकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाली, ‘‘राऊतभाई... हलतंय बघा.’’

टीसी पहिले हसले. मग सगळे. नगरसेवक हसता हसता मी खाली ठेवलेल्या श्रीफळावर बसले. दशरथ तेवढा हसला नाही. तो म्हणाला, ‘‘साहेब, म्हणजे आता तुमच्या गल्लीत धूर करावाच लागेल.’’

ते मात्र माझ्या काळजात गेलं. पेशंट सापडला की त्याच्या घराभोवती धूर करायचाच. तसा नियमच, आणि नियम सांगणारा मीच. ज्या धुरापासून तात्यांना वाचवायला हा सगळा खटाटोप केला, तोच धूर मी स्वतःच्या हाताने दारात आणला होता. मी उठायला गेलो, भिंत धरली, मॅडमनी रिक्षा बोलावली आणि मला थेट दवाखान्यात पाठवलं. तात्यांचं काय, हे विचारायच्या आत रिक्षा सुटली.

दवाखान्यात सलाईन लावलं. रक्त तपासलं, डेंग्यू. सगळ्या गल्लीत एकच पेशंट, डासवाले राऊत! मी छताकडे बघत पडून राहिलो. वाटत होतं, आता दशरथ मशीन चालू करत असेल, आता धूर कौलांतून उतरत असेल, आता भुशात तो तीन पायांचा जीव... तेवढं एक काम सांगितलं होतं तिने मला. एकच! मी तोंडावर पांघरूण घेऊन रडलो. नर्सबाई म्हणाल्या, काका, सुई दुखते का?

तेवढ्यात मीनलचा फोन आला. बापाला डेंग्यू झालाय हे तिला कुणी तरी कळवलं होतं. ‘‘बाबा, मी निघालेय. कसे आहात? आणि तात्या?’’

‘‘तू ये,’’ म्हटलं आणि फोन ठेवला.

दुपार कलली तेव्हा वॉर्डाच्या दारात जसुबेन उभी. केस ओले. दोन्ही हातांत काही तरी मोठं, जड, वरून घरीच राहिलेली माझ्या सत्काराची शाल पांघरलेलं. नर्सबाईंना वाटलं डबा.

‘‘केवढा मोठा डबा आणलात!’’ त्या म्हणाल्या.

‘‘फार खातो ने,’’ जसुबेनने हनुवटीने माझ्याकडे दाखवलं आणि पेटी माझ्या खाटेखाली सरकवली. नर्सबाई वळल्या तशी तिने शालीचं टोक उचललं. कौलाच्या तुकड्याखाली तात्या बसले होते. पोटावर हात, डोळे अर्धवट मिटलेले. धूर नाही, काही नाही.

मी खाटेवरून खाली वाकून बघत राहिलो.

‘‘दशरथने मशीन चालू करायच्या आधी उचलला,’’ ती म्हणाली. ‘‘आता घर धुऊन, फडकं मारून, वारा लागू देईन, तिथपर्यंत गल्लीबाहेर, माझ्या बहिणीच्या बिल्डिंगमध्ये ठेवते. पण म्हटलं, आधी तुम्हाला दाखवून जाते. नाहीतर तुम्ही जीव टाकाल इथे.’’

‘‘तुमचे केस ओले का?’’

‘‘आंघोळ करून हात लावला ने! गोठ्यात माश्यांचं औषध मारलं होतं सकाळी. सुनंदाबेनने मला सगळं सांगितलंय. खडू नाय, फवारा नाय, आंघोळ केल्याशिवाय हात नाय. माझ्या मांजरीमुळे लंगडा झाला, म्हणून मला पण कसम घातली होती तिने.’’ मग म्हणाली, ‘‘आणि वाट्यांचं पण सांगितलं होतं. दोन दिवसांनी पाणी ओतायचं, घासायच्या, मग नवीन भरायचं. नाहीतर डास होतात.’’

मी उठून बसलो. ‘‘हे मला नाही सांगितलं तिने! एवढं सगळं सांगितलं, तासन्‌तास सांगितलं, आणि हेच नेमकं नाही?’’

जसुबेन शाल नीट करत होती. तिचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती.

‘‘मी बोलले होते तिला, राऊतभाईंना पण सांगून ठेवा ने वाट्यांचं. तर म्हणाली, त्यांना काय सांगायचंय? तेच तर साऱ्या तालुक्याला सांगत फिरतात.’’

खाटेखाली तात्यांनी एकदा घसा साफ केल्यासारखा आवाज केला.

उभ्या संसारात त्या बाईने माझ्या अकलेवर एकदाच भरवसा ठेवला हो. एकदाच!